चारनं भाग जाणारी नाडी

१६ फेब्रुवारी १९८७, सोमवार. पार्से

कॉलेज सुटलं पण फिजिक्सचं जर्नल उरलं. अर्ध्याहून जास्त कोरं आहे, त्यातच हे लिहितो. कुणाला दाखवायचं नाही. कुणी वाचलंच तर त्याची लाज त्यानं धरावी, मी धरणार नाही.

आज बाबा घरी आले. आठवडाभर म्हापशाला इस्पितळात होते. अर्धांगाचा झटका. गावात म्हणतात वारं मारलं. डावा हात अजून जड आहे, ओठाचा कोपरा थोडा उतरलाय आणि बोलताना जीभ मध्येच अडते. बाकी शुद्धीत आहेत, रागात आहेत. म्हणजे बाबाच आहेत.

जे घडलं ते एकदा लिहून टाकतो. गेल्या सोमवारी सकाळी बाबा सोप्यावर चहा पीत होते. खांद्यावर खात्याची पिशवी. वीज खात्यात लायनमन, साडेसातला निघतात. म्हणाले, "कॉलेजात कधी जातलो?" दोन महिने रोज हाच प्रश्न. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "तुमच्यासारखं खांबाला लटकायला डिग्री लागत नाही." त्यांच्या हातातला चहाचा कोप माझ्या पायाशी येऊन फुटला. मला वाटलं, मारला फेकून. मी दार आपटून निघालो. मागे वळून बघितलं नाही. फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा आईची हाक आली, आणि ती हाक रागाची नव्हती.

कोप फेकला नव्हता. हातातून सुटला होता.

आठ दिवस झाले, हे वाक्य मी कुणाला बोललेलो नाही. बाबांना तर नाहीच.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

म्हापशाला गेलो. शुक्रवारचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही. पण डॉ. केंकरे हृदयाचे पेशंट शुक्रवारीच बघतात. दवाखाना बाजारामागच्या गल्लीत, जिन्यावर. मी दंड धरला तर बाबांनी झटकला. "तीस वर्सां खांब चढलो हांव." चौथ्या पायरीवर मुकाट्यानं माझा खांदा धरला.

वर टेबलाशी केसपेपर लिहीत कोण बसलेली? गौरवी.

गौरवी डिचोलीची, माझ्याच वर्गात, गणितात पहिली. कॉलेज सांभाळून इथं काम करते ते आज कळलं. अडीच वर्षं मी तिच्या मागच्या बाकावर बसलो आणि तिच्या वेणीशिवाय कशाचाही अभ्यास केला नाही. डिसेंबरात, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या भांडणात, मी कँटीनमध्ये ज्याच्या कानफटात दिली, तो सुधीर तिचा चुलतभाऊ. तो कोकणीवाला, मी मराठीवाला. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे. मी विचारलं, कुठल्या भाषेत? सगळे हसले. मी बाहेर पडलो तो आजतागायत बाहेरच. गौरवी तेव्हा हसली नव्हती.

आज तिनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"कृष्णनाथ... माझे बाबा."

मग मात्र पेन थांबलं तिचं. उठून बाबांना खुर्ची दिली.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली. सरळ. इस्पितळातली पट्टीही सरळ होती, म्हणजे ठोक्यांत दोष नाही. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत गुठळी कुठून आली ते कळायला हवं. कधीकधी हृदयाचा वरचा कप्पा ठोके द्यायचे सोडून नुसता थरथरतो. तेवढ्यात रक्त साकळतं. पण ते सारखं होत नाही. तासभर होतं, थांबतं. आपण पट्टी काढतो तेव्हा चोर घरात नसतो."

मी म्हणालो, "मग औषध देऊन टाका की."

"रक्त पातळ करणारी गोळी आहे ती. विनाकारण दिली आणि डोक्यात रक्त सुटलं तर थांबायचं नाही. चोर बघितल्याशिवाय बंदूक चालवत नाहीत. आणि बघितल्यावर चालवली नाही, तर पुढचा झटका हातावर भागणार नाही."

मुंबईला एक यंत्र आहे म्हणाले. कमरेला बांधायचं, आत कॅसेट. चोवीस तासांचे ठोके टेप होतात. नंबर लावलाय, जूनच्या आधी लागत नाही.

"तोवर यंत्र म्हणजे तुझी दोन बोटं. दिवसातून तीन वेळा नाडी धर. पुरं एक मिनिट. आकडा लिही, आणि ठोके सारखे पडतात का ते लिही. जमेल?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. "जमतलां. घुमट वाजयता तो. हातात ताल आसा त्येच्या."

बाबांनी माझं कौतुक केलं. परक्या माणसासमोर. मी जिन्यावर आल्यावर हे मला कळलं.

आमच्या घरी सेकंदकाटा नाही. बाबांचं मनगटी घड्याळ त्या दिवशी पडून बंद झालं. ते ऐकून गौरवीनं टेबलाखाली हात नेऊन एक घड्याळ काढलं. बारीक काळा पट्टा, बायकांचं. "दवाखान्याचं आहे. हरवू नको."

कुणीतरी पेशंट विसरून गेली असणार. देव तिचं भलं करो.


२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पोदेर पावाचे उंडे देऊन गेला आणि मी बाबांचा हात धरला.

हे लिहायला सोपं आहे. बाबांचा हात मी शेवटचा कधी धरला आठवत नाही. तळव्यावर तारांचे चरे, अंगठा लाकडासारखा. दोघंही दुसरीकडे बघत होतो. मी घड्याळाकडे, ते माडाकडे.

बहात्तर. सारखे.

"झाली?"

"झाली."

"बरोबर मोजलंस ना रे? परत बघ."

परत बघितलं. बहात्तर. "अजून एकदा," म्हणाले. तीनदा मोजायला लावलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही ही त्यांची जुनी सवय.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा हात आता बसलाय. पहिल्या चार ठोक्यांतच लय सापडते, मग पायानं ठेका धरतो आणि आवर्तनं मोजतो. अठरा चोक बहात्तर. सतरा चोक अडुसष्ट. एकोणीस चोक शहात्तर. मिनिट मध्येच संपलं तर आवर्तन तोडत नाही, पुरं करतो. अर्ध्यावर तोडणं कानाला बरं वाटत नाही.

दुपारी मध्येच ठोका बोटाखालून निसटल्यासारखा वाटतो. पण मी ताल सोडत नाही. आमच्या शिगम्याच्या मेळाचे म्होरके शंभूकाका, त्यांनी मडक्यावर कातडं ताणलेलं हे घुमट शिकवताना पहिला धडा दिला तो हाच. बाजूचा चुकला तर आपण चुकायचं नाही. त्याला सांभाळून घ्यायचं, ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

आई म्हणाली, "बापाचो हात धरून पाय कसले आपटतस? भजन आसा काय?"


६ मार्च, शुक्रवार

मी आज कुणावर ओरडलो नाही असा दिवस कधी उजाडेल?

पट्टी परत सरळ. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले आणि गौरवीनं माझी नाडीची वही उघडली. मान खाली घालून पान पान वाचत होती. माझं अक्षर इतकं लक्ष देऊन आजवर कुणी वाचलं नाही. मला वाटलं आता म्हणेल, छान लिहिलंस.

म्हणाली, "हे सगळे आकडे चारनं जातात."

"म्हणजे?"

"बहात्तर, अडुसष्ट, शहात्तर, बहात्तर. चाळीसएक नोंदी आहेत. एक विषम आकडा नाही. एकाहत्तर नाही, चौऱ्याहत्तर पण नाही. माणसाची नाडी अशी चालत नाही."

"म्हणजे मी खोटं लिहितो?"

"मी असं म्हटलं?"

"तुझ्या भावाला मारलं म्हणून तू..." पुढे मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बाकावरची एक म्हातारी कानावर हात ठेवून ऐकत होती.

गौरवी शांतपणे म्हणाली, "मराठीसाठी कॉलेज सोडलंस, आणि गाळी मात्र चांगल्या कोकणीत देतोस." वही मिटून माझ्या हातात दिली.

निघताना जिन्यात तिचा आवाज ऐकला, म्हातारीच्या मुलाला विचारत होती, "किती वाजले हो?" आम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा. मी परत चार पायऱ्या चढून म्हणालो (कशाला चढलो?), "गणितवालीनं एक घड्याळ वापरायला काय होतं?"

माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "होतं. एकाला दिलंय."

एकाला! बसमध्ये बाबा बाजूला होते म्हणून, नाहीतर मी कपाळ फोडून घेतलं असतं. कोण हा एक?


८ मार्च, रविवार

हे नीट लिहायला पाहिजे.

शिगम्याची तालीम होती. देवळासमोर ढोल, तासे, आम्ही घुमटवाले. तासेवाला नवा, दर चौथ्या आवर्तनात अडखळायचा आणि मी त्याला सांभाळून घ्यायचो. शंभूकाका खूश. "हो पोरगो आसा म्हणान कोणाक कळूचां नाय, तासो चुकता तो!"

माझा हात घुमटावरच थांबला.

तालीम टाकून घरी धावलो. बाबा दुपारचे पडले होते. खाली बसलो, दोन्ही पाय मांडीखाली दाबले, ओठ दातांत धरले आणि मनगट धरलं. मोजायचं नाही असं ठरवलं. फक्त ऐकायचं.

एक. एक. मग दोन एकावर एक, धडपडत. मग काहीच नाही. मी श्वास धरला. मग एक. मग तीन घाईनं, पावसात छपराखाली धावणाऱ्या पोरांसारखे. परत काहीच नाही. ताल नव्हताच कुठे. मीच पंधरा दिवस बाजूला बसून ठेका देत होतो. त्यांच्या काळजाला सांभाळून घेत होतो. ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

आणि ऐकणारा डॉक्टर होता.

पंधरा दिवस. त्यात दुसरा झटका आला असता तर? मी देवळाच्या मागे जाऊन रडलो. आता लिहिताना लाज वाटत नाही.


९ मार्च, सोमवार

सकाळच्या पहिल्या बसनं म्हापशाला. डॉक्टर चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून हसले. "चाळीस वर्षांत नाडी चुकवणारे खूप बघितले. सुधारून घेणारा पहिलाच. अरे, चुकलेला ठोका झाकायचा नाही, तोच तर आपल्याला हवा आहे!" मग गंभीर झाले. "पण तू जे ऐकलंस ते माझ्यासाठी पुरेसं नाही. मला कागदावर हवं. थरथर चालू असताना त्यांना इथं आण. रात्र असो, रविवार असो, मी पट्टी काढीन."

बाहेर गौरवी. मी टेबलासमोर उभा राहिलो. म्हणालो, "चारनं जातात ते बरोबर होतं."

तिनं विजयी व्हायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "बाबा बरे आहेत ना?"

मी ठेक्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग तोंडानं मोजूच नको. पायानंही नको. काजूचे दिवस आहेत, घरात बिया असतील. ठोका लागला की एक बी या वाटीतून त्या वाटीत. नाही लागला तर नाही. मिनिट संपलं की बिया मोज."

इतकी साधी गोष्ट. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो. तिथं एक पांढरट पट्टा आहे, बाकी हात उन्हानं सावळा. भाजलं बिजलं की काय? विचारायचा धीर झाला नाही. त्या 'एका'ला विचारायचा धीर असेल.


१२ मार्च, गुरुवार

एकसष्ट. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. बिया खोटं बोलत नाहीत. बहुतेक वेळा सारखे पडतात, पण दुपारी कधी बिघडतात, कधी नाही.

आज तीनला बिघडले. बाबांना उठवलं, बस धरली. बस करासवाड्याला ट्रकांच्या मागे अडकली. दवाखान्यात पट्टी निघाली तेव्हा चोर पळालेला. सरळ रेघ, सरळ डोंगर, सरळ रेघ.

परत येताना बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "तुज्या हाताखाली वायट वागता आणि दोतोरासमोर शाणां. तुज्यावरच गेलां."

मी हसलो. बाबा पण. कडेचा ओठ थोडा उशिरा हसतो.


१५ मार्च, रविवार

शिगमो. आयुष्यात पहिल्यांदा मेळात गेलो नाही. ढोल दारावरून गेले, शंभूकाकांनी घुमट माझ्याकडे केलं, मी मान हलवली. माझ्या हातात बाबांचं मनगट होतं.

आईनं देवाला गाऱ्हाणं घातलं. मी ऐकलं. "देवा म्हाराजा, दोतोर समोर आसतना ह्येंचां काळीज बिगडू दी." मग जीभ चावली, म्हणाली, "मागणां तरी खंयचां मागतंय मी!"


१९ मार्च, गुरुवार

कागद मिळाला. कागद मिळाला. कागद मिळाला.

क्रमानं लिहितो. दुपारी अडीचला हात धरला. बिया टाकताना हात अडखळायला लागला, वाटीतली बी वाटीतच. त्रेसष्ट, आणि एक सारखा नाही. बसची वाट बघणं म्हणजे परत सरळ रेघ. फाट्यावर धावलो. भाड्यानं मोटरसायकलवरून माणसं नेणारा बाबाजी पायलट गाडीवरच आडवा झोपला होता. "पेशंट आहे, म्हापशाला, आत्ता!" बाबाजी डोळे चोळत म्हणाला, "पेशंट पडलो तर?" मी म्हणालो, "मी मागून धरतो."

पुढे बाबाजी, मध्ये बाबा, मागे मी. डावा हात त्यांच्या पोटाभोवती, उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या उजव्या मनगटावर. इतक्या जवळ मी त्यांच्या कधी नव्हतो. शर्टाला घामाचा आणि तारांना गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीचा वास, तीस वर्षांचा.

सगळा रस्ता बोटाखाली ते चालू होतं. एक. नाही. दोन. नाही, नाही. एक. मी मनात म्हणत होतो, असंच राहा, बिघडलेलंच राहा, सुधारू नको. मोटरसायकल खड्ड्यातून गेली की वाटायचं, थांबलं तर नाही? नाही, चालू आहे. देवा, उपकार.

कोलवाळच्या पुलावर वारा जोरात होता. बाबा मान न वळवता बोलले.

"गणेशचवथीपासून होता ह्यां."

"काय?"

"काळजात. पाखरू फडफडल्यासारखां. खांबावर दोनदा झाला. चिकटून रवलंय."

"आणि सांगितलं नाही? कुणाला?"

"सांगितलां तर खालीं उतरयतले." पूल संपता संपता म्हणाले, "सवेस..." जीभ अडली. परत म्हणाले, "सर्वेश. तो कोप मी मारूंक नाय रे तुका. सुटलो हातातसून."

माझं बोट मनगटावरून सुटता सुटता राहिलं.

"मला कळलंय बाबा."

"तुका वाटलां आसतलां मारलो."

"मी जे बोललो ना, खांबाला लटकायचं..."

"तुज्या बोलण्यान माणूस पडत आसतो," बाबा म्हणाले, "तर अर्धो गाव आडवो आसतो."

बाबाजीला हसू आवरेना, गाडी हलली. मी ओरडलो, "समोर बघ मरे!"

जिना ते माझा खांदा धरूनच चढले. गौरवीनं आम्हाला बघितलं आणि रांगेतल्या लोकांना काही न विचारता आतलं दार उघडलं. डॉक्टरांनी तारा लावल्या. कागद सरकायला लागला. मी बघितलं आणि मला कुणी सांगायची गरज पडली नाही. डोंगर होते पण एकही सारख्या अंतरावर नाही, मधली रेघ थरथरणारी, वाऱ्यातल्या तारेसारखी.

"मिळाला!" मी ओरडलो. गौरवीनं टाळ्या वाजवल्या. बाहेरून त्याच म्हातारीचा आवाज, "कोणाक बाळ जालां काय गो?"

डॉक्टर पट्टी फाडून म्हणाले, "कृष्णनाथ, अभिनंदन. तुमचं हृदय अधूनमधून ताल सोडतं. आता गोळी देतो." मग माझ्याकडे वळून, मी न विचारताच, "ही गुठळी कुणाशी भांडून होत नाही बरं का. महिनोन् महिने तयारी चालू असते तिची."

हे त्यांना कुणी सांगितलं? मी तर कुणाला बोललो नव्हतो. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.


३ एप्रिल, शुक्रवार

गोळी रोज संध्याकाळी सहाला. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. पडायचं नाही, कापून घ्यायचं नाही, दाढी जपून. खांब बंद. खात्यानं बाबांना तक्रारीच्या टेबलावर बसवलंय. मला भीती होती, खचतील. काल खात्यात गेलो तर फोनवर कुणालातरी सांगत होते, "वीज गेली म्हणून देव गेला काय? बस थोडो वेळ." सुखात आहेत.

म्हापशाच्या स्टँडवर सुधीर भेटला. तोच, कानफटवाला. मी रस्ता ओलांडणार होतो. त्यानंच विचारलं, "बाबा कशे आसात तुझे?" दीडशे माणसं स्टँडवर, आणि मला फक्त एवढं ऐकू आलं.

म्हणालो, "बरे आहेत. सुधीर, मी चुकलो रे."

तो म्हणाला, "खंयचे भाशेंत?"

दोघंही हसलो. त्यानं मला शेंगदाण्याची पुडी दिली.

घरी येऊन प्राचार्यांना अर्ज लिहिला. जूनपासून परत घ्या. माफीही लिहिली, दोन ओळी. सहा खोडल्या, मग दोन उरल्या.


२४ एप्रिल, शुक्रवार

आज घड्याळ परत करायला गेलो. मिनिट मोजायला आता बाबांचं दुरुस्त होऊन आलंय. गौरवी आली नव्हती, परीक्षा आहे. मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "दवाखान्याचं घड्याळ. फार उपकार झाले."

डॉक्टरांनी उलटून बघितलं. "दवाखान्याचं? इथं माझ्या मनगटावरचं सोडून घड्याळ नाही. हे तर त्या पोरीचं. दोन महिने बिचारी दर पेशंटला वेळ विचारते आहे."

मी जिन्यावर बसलो. खालून बाजाराचा आवाज येत होता. मनगटावरचा तो पांढरा पट्टा. एकाला दिलंय.

इतका गाढव माणूस फिजिक्समध्ये पास कसा होणार?

घड्याळ परत खिशात घातलं. ते मी स्वतः देणार. परीक्षा संपल्यावर, डिचोलीला जाऊन. काय बोलायचं ते दहा वेळा लिहून बघितलं, सगळं खोडलं. बहुतेक 'उपकार' एवढंच म्हणेन.


३० मे, शनिवार

आज गोवा राज्य झालं. सकाळपासून रेडिओ चालू. शंभूकाका म्हणतात, काल रात्री झोपलो तेव्हा संघप्रदेशात होतो, उठलो तर राज्यात, पण कंबर तीच दुखते. दुपारी पोरांनी फटाके लावले. मागच्या डिसेंबरातला मी असतो तर पुढे उभा राहून भाषणच ठोकलं असतं. आज आईला फणस फोडून दिला.

डिचोलीची गोष्ट इथं लिहीत नाही. ती लिहायची वही वेगळी घेतली आहे. एवढंच, घड्याळ घेतलं नाही तिनं. "मागितलं कुणी?" म्हणाली.

मुंबईच्या यंत्राचा नंबर डॉक्टरांनी सोडून दिला. दुसऱ्या कुणाला मिळेल. नाडी आता आठवड्यातून एकदा बघितली तरी पुरे म्हणाले. बाबांसमोरच म्हणाले, दोनदा. आता बिघडली तरी गोळी आपलं काम करते आहे.

तरी रोज सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की बाबा सोप्यावर येऊन बसतात, चहाचा कोप उजव्या हातानं खाली ठेवतात आणि डावा हात माझ्यापुढे करतात. डावा. आता खांद्यापर्यंत वर येतो. आजही केला.

त्रेसष्ट.

"बरोबर मोजलंस ना रे? परत बघ."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबा बहुतेक विसरतात. मी आठवण करून दिली नाही. परत मोजली.